दिवाळीची सुट्टी संपली, आता हुरडा! (थंडीतला घरचा मेळा आणि त्यातला अभ्यास)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की वर्गात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे पोरांची तोंडं उतरलेली असतात. मामाचं गाव सुटलेलं असतं, आतेभाऊ-मामेभाऊ आपापल्या गावी गेलेले असतात, फराळाचा डबा तळाला लागलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे पटावर जितकी नावं असतात तितकी मुलं समोर नसतात. काही जण आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले असतात. आपल्या शेवगाव-पाथर्डी भागातल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात पोरं एकच विचारतात, "मॅडम, आता सगळे पाहुणे परत कधी येतील?" मी म्हणते, ज्वारीला विचारा.

ही काही थट्टा नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर घरातली, भावकीतली माणसं पुन्हा एकदा एकत्र येण्याचं जे निमित्त आहे ना, त्याची तारीख दिनदर्शिकेत छापलेली नसते. ती शेतात ठरते. ते निमित्त म्हणजे हुरडा. आजच्या लेखात आपण हुरड्याचा बेत घरच्या घरी कसा करायचा आणि त्यातून तिसरी ते पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यास आणि गणित कसं शिकवता येईल ते बघू. शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, जी मला स्वतःला मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने शिकवली.

हुरडा म्हणजे नेमकं काय?

खेड्यातल्या पोरांना वाटतं, हे काय विचारायचं? पण वर्गात विचारून बघा. "कोवळी ज्वारी" एवढंच उत्तर येतं. कोवळी म्हणजे किती कोवळी, हे फार थोड्यांना सांगता येतं. शेवगावच्या ठिकाणी राहणाऱ्या मुलांनी तर ज्वारीचं ताट नुसतं एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेलं असतं.

ज्वारी आधी पोटरीत येते, मग निसवते, म्हणजे कणीस बाहेर पडतं. मग फुलोरा. फुलोऱ्याची एक गंमत मुलांना जरूर दाखवा. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून फुलायला लागतं आणि फुलोरा हळूहळू खाली उतरतो. त्यामुळे दाणाही आधी शेंड्याचा भरतो आणि बुडख्याचा मागून. फुलोऱ्यानंतर दाण्यात पांढरं दूध भरतं, त्याला आपण चीक म्हणतो. चीक घट्ट होत जातो, दाणा फुगतो, पण अजून हिरवा आणि मऊ असतो. तो हुरडा. त्यानंतर दाणा कडक होतो, रंग बदलतो आणि ज्वारी तयार होते.

ओळखायची कसोटी सोपी आहे, आपल्या नखाची. कणसाच्या मधल्या भागातला दाणा काढा (शेंड्याचा नको, तो पुढे गेलेला असतो). नखाने दाबा. पांढरं पाणी उडालं तर अजून चिकात आहे, थांबा. नख सहज रुतलं, दाणा दबला पण दूध उडालं नाही, तर हुरड्यात आली. नख रुतलंच नाही तर तुम्हाला उशीर झाला, आता भाकरीच खा.

हुरडा गोड का लागतो? पानं सूर्यप्रकाशात साखर तयार करतात. ती दाण्यात येते आणि तिथे तिचं पिष्ट होऊन साठतं. पूर्ण वाळलेल्या दाण्यात बहुतेक सगळं पिष्ट असतं. हुरड्याच्या वेळी मात्र बरीच साखर अजून साखरच असते. म्हणून तोच दाणा महिन्याभराने चावला तर पिठूळ लागतो. कणीस तोडल्यावरही गोडी कमी होत जाते. आदल्या दिवशी तोडून ठेवलेला हुरडा आणि ताटावरून थेट आगटीत गेलेला हुरडा, दोन्ही खाऊन बघा, फरक जिभेला कळतो.

एका पोराने मला विचारलं होतं, "मॅडम, कोवळी ज्वारी खाल्ली की गाय मरते ना? मग आपण कशी खातो?" फार चांगला प्रश्न आहे. विष तयार होतं ते ज्वारीच्या कोवळ्या पानांत आणि धाटांत, विशेषतः पीक लहान असताना किंवा पाण्याचा ताण पडल्यावर फुटलेल्या फुटव्यांत. दाण्यात ते नसल्यातच जमा असतं. म्हणून गुराखी लहान ज्वारीत जनावर शिरू देत नाही आणि आपण मात्र दाणा निवांत खातो.

तारीख कशी काढायची? (गणिताचा तास)

रब्बी ज्वारीची पेरणी आपल्याकडे साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यात होते. जुनी माणसं नक्षत्राने सांगतात, उत्तरा, हस्त. पेरल्यापासून अंदाजे 95 दिवसांनी कणीस हुरड्यात येतं. वाण, पाणी आणि थंडी यावर पाच-सात दिवस इकडेतिकडे होतात.

आता मुलांना उदाहरण द्या. तात्यांनी 20 सप्टेंबरला ज्वारी पेरली, तर हुरडा कधी? सप्टेंबरचे उरलेले 10 दिवस, ऑक्टोबरचे 31, नोव्हेंबरचे 30, झाले 71. उरले 24. म्हणजे 24 डिसेंबर. दुसरं उदाहरण, नानांनी 10 ऑक्टोबरला पेरली. ऑक्टोबरचे 21, नोव्हेंबरचे 30, डिसेंबरचे 31, झाले 82. उरले 13. म्हणजे 13 जानेवारी, भोगीच्या आसपास!

पाठ्यपुस्तकातलं दिनदर्शिकेचं उदाहरण सोडवताना जांभई देणारी पोरं हे उदाहरण बोटं मोडत सोडवतात. कारण उत्तरात आत्या आणि तिची पोरं येणार असतात.

एकेक प्लॉट हुरड्यात राहतो तो जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणून हुरड्याचं आमंत्रण पंधरा दिवस आधी जात नाही. चार दिवस आधी फोन जातो, "कणसं भरलीत, रविवारी या." पुण्याच्या चुलत्याला सुट्टी नसेल तर नसेल. ज्वारी त्याच्यासाठी थांबत नाही. आमच्या घरात दरवर्षी यावरून एक तरी रुसवा होतो, आणि दरवर्षी तो माणूस पुढच्या वेळी रजा टाकून येतो.

कोणती ज्वारी?

सगळ्याच ज्वारीचा हुरडा करता येतो, पण सगळीच सारखी नसते. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली मालदांडी (मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली, एम 35-1) भाकरीला उत्तम आणि कडबाही चांगला. तिचाही हुरडा होतो. पण खास हुरड्याची म्हणून जुन्या लोकांनी वेगळी वाणं जपली, गुळभेंडी, सुरती, कुचकुची, काळी दगडी. नावं नुसती वाचली तरी गोड वाटतात! आपल्या जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर ही खास हुरड्याची वाणं दिली आहेत. परभणीच्या विद्यापीठाचं परभणी वसंतही आहे.

खास वाणात दोन गुण बघतात. दाणा गोड हवा आणि चोळल्यावर टरफलातून पटकन सुटायला हवा. दुसरा गुण पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. ज्याने गरम कणसं अर्धा तास चोळली आहेत त्याला हे पटेल.

मुलांना हेही सांगा की ज्वारी मुळात आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि इतकी आपली झाली की भाकरी म्हटलं की तीच आठवते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शाळाशाळांत ज्वारी-बाजरीचे तक्ते लागले होते. तक्ते चांगले होते. पण तक्त्याला वास नसतो.

आगटी

हा या लेखाचा मुख्य भाग, म्हणून जरा सावकाश.

शेताच्या बांधाजवळ, वाऱ्याची बाजू बघून, वीतभर खोल आणि दीड-दोन हात लांबीचा खड्डा घ्यायचा. आजूबाजूचं वाळलं गवत, पाचट आधी साफ करायचं. खड्ड्यात गोवऱ्या रचायच्या. लाकूड नको. लाकडाचा जाळ मोठा होतो आणि कणीस वरून करपून आत कच्चं राहतं. गोवरीचा विस्तव मंद आणि सारखा असतो. गोवऱ्या पेटल्या की घाई करायची नाही. धूर पूर्ण जाऊन लालबुंद निखारा पडेपर्यंत थांबायचं. धुरात भाजलेला हुरडा घशाला लागतो.

मग कणसं निखाऱ्यात खुपसायची. देठ बाहेर राहील असं धरायचं आणि फिरवत राहायचं. हिरवा रंग जाऊन वरचं टरफल काळपट झालं, दाणे तडतडायला लागले की काढायचं. हे सगळं तीन-चार मिनिटांचं काम, पण भाजणाऱ्याची नजर हटली की गेलं. आमच्याकडे भाजायला नेहमी एकच माणूस बसतो आणि त्याच्या हातातली काठी दुसरा कुणी घेतलेली त्याला चालत नाही. तुमच्याकडेही असा एक काका असेलच.

भाजलेलं कणीस झटकून राख काढायची आणि गरम असतानाच चोळायचं. कुणी तळहातावर चोळतं, कुणी पोत्यावर. हात भाजतात म्हणून जाड फडक्यात धरून चोळलं तरी चालतं. गार झालं की दाणा सुटत नाही, हे लक्षात ठेवा. मग सुपात घेऊन पाखडायचं. टरफल उडतं, हिरवे वाफाळते दाणे राहतात. पहिली मूठ आगटीला किंवा काळ्या आईला वाहायची आणि मग खायला सुरुवात.

बरोबर काय? शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी, कारळ्याची किंवा जवसाची चटणी, गूळ, घट्ट दही. थंडीत तीळ हवेतच. शेतात असेल ते सगळं चालतं. हरभऱ्याचा ढाळा, उसाचं कांडं, बोरं, पेरू. त्याच निखाऱ्यात वांगी भाजून भरीत, बरोबर बाजरीची भाकरी. मुलांसाठी गोडी शेव आणि रेवड्या. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये, ताक प्यावं, असं जुनी माणसं सांगतात.

किती कणसं तोडायची, हा दुसरा गणिताचा तास. आमच्या पोरांनी मागच्या वर्षी तराजूवर मोजून बघितलं तेव्हा माणशी चार ते पाच कणसं पुरली. वीस माणसं असतील तर शंभराच्या आत भागतं. हे आधी मोजायचं, कारण तोडलेलं प्रत्येक कणीस म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाच्या भाकरीतून काढलेला वाटा आहे. पाहुण्यांनी शेतात शिरून हौसेने वाटेल तशी कणसं मोडायची नाहीत. घरधन्याने दाखवलेल्या तासातूनच घ्यायची. शहाणा शेतकरी बहुधा कडेची तासं दाखवतो, कारण तिथली कणसं तशीही पाखरं खाणार असतात. थंडीत भोरड्यांचे थवेच्या थवे येतात. भोरड्या म्हणजे परदेशातून आपल्याकडे हिवाळा काढायला येणाऱ्या मैना. म्हणजे बघा, हुरड्याला लांबचे पाहुणे पण येतात, आणि ते न विचारता खातात! पूर्वी पोरांच्या हातात गोफण असायची, आता बऱ्याच शेतांत चकाकत्या फिती दिसतात.

कणसं मोडलेली हिरवी ताटं वाया जात नाहीत. ती जनावरांना जातात.

काळजीचं एवढंच. पिकावर अलीकडे काही फवारलं आहे का, हे आधी विचारा. फवारलं असेल तर ते शेत सोडा. आगटीजवळ पाण्याची बादली भरून ठेवा. मुलांना सुती कपडे घाला, नायलॉनचे नकोत, आणि कपडे जुने घाला, कारण काजळी लागणारच. ज्वारीत शिरलं की अंग खाजतं, म्हणून बाह्या लांब हव्यात. अगदी लहान लेकरांना दाणे नीट पाखडून, टरफल काढून द्या. घरी निघताना आगटीवर पाणी ओता आणि वरून माती टाका. शेजारी उसाचं पाचट पडलेलं असताना यात आळस करू नका.

थीम लागतेच का?

हल्ली वाढदिवसाला थीम असते. जंगलाची, कार्टूनची. त्याप्रमाणे फुगे, त्याप्रमाणे केक. मला एका पालकाने हौसेने विचारलं, "मॅडम, हुरडा पार्टीला काय थीम ठेवू?" मी हसले, पण नंतर विचार केला तर प्रश्न चुकीचा नव्हता. थीम म्हणजे काय, तर सगळं एका सूत्रात बसवायचं. हुरड्यात ते आपोआप बसतं. बसायला घोंगडी आणि पोती, डोक्याला टोपी नाहीतर पदर, हात काळे, समोर विस्तव, खायला जे शेतात आहे ते. कागदी सजावट आणली तर ती आगटीत पडेल, दुसरं काय!

एक सूत्र मात्र मुद्दाम ठेवावं असं मला वाटतं. हुरड्यात कुणीही नुसता पाहुणा नसतो. प्रत्येकाला काम. कणसं तोडणारे, गोवऱ्या आणणारे, भाजणारा, चोळणारे, पाखडणाऱ्या. मोठ्या मुलांना चोळायला बसवा, लहानांना कणसं मोजून आणायला लावा. आजीला पाखडायला बसवा म्हणजे पोरं तिच्याभोवती जमतात आणि सुपाबरोबर गोष्टीही निघतात. पाखडताना एक छोटा विज्ञानाचा प्रश्न विचारता येतो. टरफल उडतं आणि दाणा सुपातच का राहतो? उत्तर तोंडपाठ करायला लावू नका. सूप हातात द्या.

मराठवाड्यातली आपली शेजारी मंडळी, लातूर-धाराशिवकडे, मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या करतात, तिलाच येळवस म्हणतात. सगळं गाव रिकामं होऊन शेतात जातं, कडब्याची कोप करतात, पूजा करतात, आंबील आणि भज्जी खातात. आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावतात. तिकडे गुजरातेत सुरतला ज्वारीच्या कोवळ्या दाण्यांना पोंक म्हणतात आणि थंडीत लोक तो शेवेबरोबर खातात. नावं वेगळी, ऋतू एकच.

विकतचा हुरडा

आता रस्त्याने जाताना डिसेंबर-जानेवारीत फलक दिसतात, "हुरडा पार्टी, माणशी एवढे रुपये". झोके, बैलगाडी, जेवण सगळं. काही लोक याला नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. राज्य शासनाने 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. ज्या शेतकऱ्याला ज्वारी विकून मजुरीही सुटत नाही, त्याला हुरड्यातून चार पैसे मिळत असतील तर ती ज्वारी टिकायचं एक कारणच आहे. ज्यांचं गावी शेत नाही, त्यांनी जरूर जावं.

माझी तक्रार वेगळी आहे. गावात शेत असलेली माणसंसुद्धा आता हुरडा करत नाहीत, कारण शेतात ज्वारीच नाही. आपल्या तालुक्यात कापूस आणि ऊस वाढला. जायकवाडीच्या फुगवट्याच्या कडेला पाणी आहे, तिथे ऊस उभा राहतो. ज्वारीची काढणी अंगमेहनतीची, मजूर मिळत नाही. शेतकऱ्याला दोष देऊन काय उपयोग? पण पाच-सहा तासं तरी हुरड्यासाठी पेरणारी घरं अजून आहेत, आणि त्यांच्या बांधावर थंडीत जे मेळे भरतात ते कुठल्याही पैशाच्या पार्टीत मिळत नाहीत. कारण तिथे कुणी कुणाला मोजत नाही.

मोजत नाही असं मी लिहिलं खरं. इथेच मला ती मागच्या वर्षीची गोष्ट सांगायची आहे.

जो आला नव्हता तो

मागच्या वर्षी जानेवारीत एका पालकाने वर्गाला शेतात हुरड्याला बोलावलं. शनिवारी दप्तर नव्हतंच. आनंददायी शनिवार होता. पोरांना आदल्या दिवशीच सांगितलं, घरून कुणीतरी एकाने बरोबर या, आई, वडील, मोठा भाऊ, कुणीही. मला वाटलं, पालकांचा मेळा होईल, ओळखी वाढतील. कल्पना छान होती.

शनिवारी एक मुलगा आलाच नाही. चौथीतला, हुशार, एरवी शाळा न चुकवणारा. त्याचे आईवडील कोयत्यावर गेलेले. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ती जोडी दिवाळीनंतर गेली की उन्हाळ्यातच परत येते. पोरगा आजीजवळ राहिलेला. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही अशी आजी-आजोबांजवळ. आजीचे गुडघे दुखतात, तिला शेतापर्यंत चालवत नाही. "कुणीतरी एकाने बरोबर या" हे माझं वाक्य त्या पोराने घरी जाऊन सांगितलंच नव्हतं. बरोबर यायला कुणी नाही, म्हणून तो आपला घरीच बसला होता.

हे मला कळलं तेव्हा शेतात आगटी पेटलेली होती. माझं मला फार वाईट वाटलं. वर्गातल्या रिकाम्या जागा मी रोज बघते. तरी सूचना देताना मी घरात आईबाप असलेल्या पोरांचाच विचार केला होता. शेतमालक, तो आमच्या दुसऱ्या एका पोराचा आजा, त्याने विचारलं, "कुणाचा नातू?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग म्हातारीला पण आणा की." आणि त्याने पोराला मोटारसायकल घेऊन पाठवलं. पंधरा मिनिटांत आजी मागच्या सीटवर बसून, पदर डोक्यावर घट्ट धरून, बांधापाशी उतरली.

तुम्हाला सांगते, त्या दिवशी सगळ्यात चांगलं पाखडलं कुणी असेल तर त्या आजीने. बाकीच्या आयांनी सूप तिच्याकडेच दिलं. पोरगा चोळायला बसला. त्याचे हात सरावलेले होते, एकही दाणा फुटला नाही.

उठायच्या वेळी त्याने मला हळूच विचारलं, "मॅडम, आईला नेता येईल का?" फड होता दोन जिल्हे पलीकडे. ओला हुरडा दुसऱ्या दिवशी आंबतो. मला उत्तर सुचलं नाही. आजीला सुचलं. ती म्हणाली, "वाळवून ठेवू." उरलेली भाजलेली कणसं तिने चोळून, पाखडून पदरात बांधून नेली, सावलीत कापडावर पसरून खडखडीत वाळवली. वाळलेला हुरडा टिकतो. पाण्यात भिजवून त्याची उसळ करता येते, दळून थालीपीठ करता येतं. हे मला माहीत नव्हतं, माझं वय पस्तिशीला आलं तरी. आठ-दहा दिवसांनी मुकादमाची गाडी गावात आली तेव्हा ती पुरचुंडी फडावर गेली. पोराने त्यात एक चिठ्ठी टाकली होती. मी ती वाचली नाही. पण पाकिटावर पत्ता कसा लिहायचा हे तो त्या आठवड्यात मला दोनदा विचारून गेला होता, आणि मला त्याला सांगावं लागलं की फडाला पिनकोड नसतो, गाडीवाल्याच्या हातात दिलं की पोहोचतं.

म्हणून यंदा मी सूचना बदलली आहे. "घरून कुणीतरी एकाने या" असं म्हणत नाही. म्हणते, "ज्याच्या घरी जो आहे त्याला घेऊन या, आणि कुणी नसेल तर माझ्याबरोबर या." आणि हुरड्याच्या यादीत गूळ, दही, चटणीच्या खाली एक ओळ वाढवली आहे, वाळवायला स्वच्छ पांढरं कापड.

तुमच्या घरचा किंवा शाळेचा बेत असेल तर आमंत्रणाच्या फोनआधी एकदा आठवून बघा, भावकीतलं, गल्लीतलं, वर्गातलं कोण यंदा गावात नाही आणि त्याच्या मागे घरात कोण आहे.

मुलांसाठी थोडं काम

1. घरच्या किंवा ओळखीच्या शेतात ज्वारी कोणत्या तारखेला पेरली ते विचारा. 95 दिवस मोजून हुरड्याची तारीख काढा. प्रत्यक्षात कधी आला तेही लिहा. फरक किती दिवसांचा पडला आणि का, ते शेतकऱ्याला विचारा.

2. एका कणसाचा शेंड्याचा, मधला आणि बुडख्याचा दाणा नखाने दाबून बघा. तिघांत काय फरक दिसला?

3. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, त्यांच्या लहानपणी कोणत्या ज्वारीचा हुरडा खात. नाव लिहून आणा, आपण वर्गात यादी करू.

4. एक मूठ हुरडा सावलीत वाळवा. रोज वजन करा. किती दिवसांनी वजन कमी व्हायचं थांबलं?

चौथ्या प्रश्नासाठी किराणा दुकानातला काटा चालतो. आमच्या गावच्या दुकानदाराने मागच्या वर्षी पोरांना रोज संध्याकाळी काटा वापरू दिला, फक्त गिऱ्हाईक नसताना. यंदा आमच्याकडची कणसं अजून चिकात आहेत. काल मधला दाणा दाबून बघितला, दूध उडालं. अजून आठ दिवस तरी.